नावे कुणाच्या टाकायचे?

माझ्याकडे एक लांबट वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, आत उभे रकाने छापलेली. (स्वतःच्या पैशाने घेतलेली, ऑफिसची नव्हे. बत्तीस वर्षं अंतर्गत लेखापरीक्षणात काढली की असे खुलासे न विचारता तोंडातून निघतात.) सहा रकान्यांना मी नावं दिली आहेत: चित्रपट, साल, रक्कम, कुणाला मिळाली, कुणाची गेली, अखेर कुठे. निवृत्त झाल्यापासून अमेरिकन चित्रपट बघताना पैशाचा आकडा कानावर पडला की मी तो या वहीत टिपते. नवरा म्हणतो, "अगं, सिनेमा बघतेस की धाड घालतेस?"

आता याला काय सांगणार. अमेरिकन सिनेमावाल्यांना आकड्यांचं जितकं वेड आहे तितकं मी एखाद्या रोखपालातही पाहिलं नाही. पात्राचं आडनाव आपण विसरतो, त्याने चोरलेली रक्कम मात्र ते विसरू देत नाहीत. पण हिशेबाचा पहिला धडा असा की एकाच्या जमेला पैसा आला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी नावे पडलेला असतो. आणि माझ्या वहीतला पाचवा रकाना, 'कुणाची गेली', बहुतेक पानांवर कोराच आहे.

सुरुवात आठ हजार डॉलरपासून झाली. 'इट्स अ वंडरफुल लाइफ', १९४६, दिग्दर्शक फ्रँक काप्रा. जॉर्ज बेली हा गावातली एक छोटी संस्था चालवतो, सभासदांच्या ठेवींतून घरकर्जं देणारी. नाताळच्या आदल्या दिवशी त्याचा विसराळू काका बिली ८,००० डॉलर भरायला बँकेत जातो. तिथे गावचा धनदांडगा पॉटर भेटतो. दुसऱ्या पुतण्याच्या, जॉर्जच्या भावाच्या, पराक्रमाची बातमी छापून आलेली असते, ती काका पॉटरला वाचून दाखवतो, चार टोमणे मारतो आणि वर्तमानपत्र घडी घालून त्याच्याकडे परत देतो. त्या घडीत पैशांचं पाकीट. पॉटरला ते सापडतं आणि तो गप्प बसतो. इकडे संस्थेत नेमका त्याच दिवशी तपासनीस येऊन बसलेला.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. जॉर्ज जीव द्यायला पुलावर जातो, देवदूत येतो, शेवटी सगळं गाव घरात येऊन टेबलावर नोटांचा ढीग घालतं. मीही रडले. रडून झाल्यावर लेकीला विचारलं, "आणि ते आठ हजार?"

"कुठले आठ हजार?"

"पॉटरकडचे. ते कुठे परत आले? लोकांनी दिले ते वेगळे. पॉटरच्या घरी आठ हजार जास्तीचे पडून आहेत."

"आई, डोळे पुस आधी."

पण खरंच, पॉटरला कुणी विचारत नाही. १९३४ पासून हॉलिवुडमध्ये जी आचारसंहिता कडकपणे लागू होती तिच्यात गुन्हेगाराला शिक्षा झालेली दाखवावी लागे. तरी हा गृहस्थ सुटला. गंमत म्हणजे तेव्हा एफबीआयला या चित्रपटाचा संशय आला तो वेगळ्याच कारणाने: बँकवाल्याला इतका दुष्ट दाखवलाय म्हणजे यामागे कम्युनिस्टांचा हात असणार, असा शेरा त्यांच्या १९४७च्या टिपणात आहे. स्वतः चित्रपटाचा जमाखर्चही काही धड जमला नाही. पहिल्या फेरीत खर्च निघाला नाही. १९७४ साली हक्कांचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, मग टीव्हीवाल्यांना तो फुकटात दाखवता येऊ लागला, आणि दर नाताळात लागून लागून तो घराघरात पोचला. म्हणजे काकाचं पाकीट राहिलं तसाच कुणाचा तरी अर्ज भरायचा राहिला आणि त्यातून अमेरिकेचा सगळ्यात लाडका सण-चित्रपट जन्माला आला.

त्यातलं एक दृश्य मात्र मी नव्याने रुजू होणाऱ्या मुलांना दाखवलं असतं. अफवा उठते आणि लोक ठेवी काढायला संस्थेत घुसतात. जॉर्ज त्यांना सांगतो की तुमचे पैसे इथे तिजोरीत नाहीतच. ते शेजाऱ्याच्या घरात आहेत, पलीकडच्या बाईंच्या घरात आहेत, तुम्हीच ते त्यांना घर बांधायला दिलेत. एवढ्या सोप्या शब्दांत ताळेबंदाच्या दोन्ही बाजू पडद्यावर कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. मग तो मधुचंद्रासाठी ठेवलेले २,००० डॉलर काढून वाटायला लागतो. एकजण हट्टाने पूर्ण २४२ मागतो. एक म्हातारी विचारते, साडेसतरा मिळतील का? संध्याकाळी दार बंद होतं तेव्हा शिल्लक राहते दोन डॉलर. माझ्या वहीत एवढी एकच नोंद अशी आहे जिचे सहाच्या सहा रकाने भरलेत.

काकाच्या त्या पाकिटावरून मला एक जुनी गोष्ट आठवते. मी नवीन होते तेव्हाची. एका संध्याकाळी रोकड जुळेना. रोखपाल साधे, वयस्क गृहस्थ. साहेबांनी सगळ्यांसमोर खिसे उलटे करायला लावले. तीन दिवसांनी नोटा सापडल्या पावतीपुस्तकात, दोन चिकटलेल्या पानांच्या मधे. साहेबांनी "झालं ना मग" एवढंच म्हटलं. रोखपालांनी नंतर माझ्याशी बोलताना मान वर केली नाही, आणि मी तर काही केलंही नव्हतं. पैशाची रुजवात झाली. बाकीची कुठे करायची, त्याला रकाना नव्हता.

असो. वर्तमानपत्रात पैसे गुंडाळायची अमेरिकन सिनेमात प्रथाच असावी. हिचकॉकच्या 'सायको'त (१९६०) मेरियन नावाची टायपिस्ट मालकाच्या गिऱ्हाइकाचे ४०,००० डॉलर घेऊन पळते आणि मोटेलात ते वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवते. लोकांना न्हाणीघरात आंघोळ करताना झालेला तिचा खून आठवतो. मला त्याआधीचा कागद आठवतो. ती परत जायचं ठरवते आणि एका चिटोऱ्यावर वजाबाकी करते: ४०,००० वजा ७०० (वाटेत बदललेल्या गाडीचे), बाकी ३९,३००. बरोबर आहे वजाबाकी. मग कागद फाडून संडासात टाकते. पैसे गाडीबरोबर दलदलीत जातात. खुन्याला आपण काय बुडवतोय याचा पत्ताही नसतो. 'फार्गो'त (१९९६) खंडणी दहा लाखांची. भाडोत्री गुंडांना मात्र ८०,००० चाच आकडा सांगितलेला. एकाच्या हाती अख्खी बॅग लागते. त्यातले ८०,००० काढून घेऊन बाकीचे तो बर्फात कुंपणाशी पुरतो आणि तासाभरात मरतो. बर्फाखालच्या त्या बॅगेची कुणालाच खबर नाही. आणि सगळ्यांच्या आधीचा स्ट्रोहाइमचा 'ग्रीड' (१९२४): लॉटरीत ५,००० डॉलर लागलेली बायको, ती नाणी अंथरुणात घेऊन झोपते, आणि शेवटी नवरा डेथ व्हॅलीच्या वाळवंटात सोन्यापाशी उभा, हाताला प्रेताची बेडी. मूकपट, काळा-पांढरा, तरी नाण्यांना पिवळा रंग दिलेला होता. आठ-नऊ तासांचा तो चित्रपट स्टुडिओने कापून सव्वादोन-अडीच तासांवर आणला, कारण इतका लांब चित्रपट विकणार कसा!

दलदल, बर्फ, वाळवंट. हे लोक पैशाचा पाठलाग करण्यात दोन तास घालवतात आणि मग तो पुरून टाकतात. अखेर शिल्लक शून्य म्हणजे नीतीचं काम झालं. मला हे सोपं वाटतं. खरे पैसे वाळवंटात जात नाहीत, ते बँकेत जातात.

म्हणून मला त्या नोटांच्या बॅगांपेक्षा पगाराचे चित्रपट आवडतात. आणि पगारावर जगणारा, पगार पुरत नाही असा, पैशासाठी स्वतःला थोडं थोडं विकणारा माणूस म्हटला की जॅक लेमन. त्याचे तीन चित्रपट मी एकाच आठवड्यात ओळीने पाहिले. योगायोगानेच, पण त्यानंतर ते माझ्या डोक्यात एकाच माणसाचं चरित्र होऊन बसलेत.

पहिला 'द अपार्टमेंट' (१९६०, बिली वाइल्डर). लेमन म्हणजे सी. सी. बॅक्स्टर, न्यूयॉर्कच्या एका प्रचंड विमा कंपनीत एकोणिसाव्या मजल्यावरचा कारकून, टेबल क्रमांक ८६१, हप्त्यांच्या हिशेबाचा विभाग. माझाच जातभाई! आठवड्याला हातात ९४ डॉलर ७० सेंट. घरभाडं महिन्याला ८५, आधी ८० होतं, मालकिणीने जुनं एअर कंडिशनर बसवून पाच वाढवले. मी गणित केलं, पगाराचा साधारण पाचवा हिस्सा भाड्यात जातो. म्हणजे माणूस उधळ्या नाही. तरी बढतीसाठी तो आपल्या घराची किल्ली साहेबांना त्यांच्या भानगडींसाठी देतो आणि स्वतः थंडीत बाकावर बसून राहतो. कचेरीचं ते दालन क्षितिजापर्यंत गेल्यासारखं दिसतं. कलादिग्दर्शक त्राउनेर यांनी मागे मागे टेबलं लहान करत नेली आणि शेवटच्या रांगांत लहान मुलं बसवली, अशी ती युक्ती. मला युक्ती कळल्यावरही ते दालन तेवढंच लांब दिसतं, कारण मी तशा दालनात बसले आहे.

त्यात बड्या साहेबाने लिफ्टवाल्या मुलीला, फ्रॅनला, नाताळची भेट म्हणून शंभर डॉलरची नोट काढून दिली आहे. तिच्या चेहऱ्याकडे बघा. त्या नोटेची नोंद कुठल्या खात्यात करायची हे तिला त्या क्षणी कळतं. एवढं चांगलं लेखापरीक्षण मी वाचलेलं नाही.

दुसरा 'सेव्ह द टायगर' (१९७३). हा फारसा कुणी पाहत नाही, लेमनला त्यासाठी ऑस्कर मिळालं तरी. इथे बॅक्स्टर जणू मालक झालाय: हॅरी स्टोनर, लॉस एंजेलिसमध्ये कपड्यांचा कारखाना. मागल्या वर्षी वह्या फिरवून वेळ मारून नेली, यंदा तेही शक्य नाही. गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून त्याला बायका पुरवायच्या, आणि शेवटचा उपाय म्हणून विम्यासाठी गोदामाला आग लावणारा माणूस गाठायचा. भागीदार विरोध करतो, पण त्याच्याकडेही दुसरा उपाय नसतो. ज्या माणसाने पहिल्या चित्रपटात विम्याचे हप्ते मोजले तोच दुसऱ्यात विमा लाटायला निघालाय. या भूमिकेसाठी लेमनने आपलं नेहमीचं मानधन सोडून किमान वेतनावर काम केलं. शेवटी हॅरी मैदानात मुलांचा चेंडू उचलून फेकतो, त्याला खेळायचं असतं, आणि मुलं सांगतात, तुम्हाला नाही खेळता येणार आमच्यात. मी वही मिटून ठेवली त्या दिवशी.

तिसरा 'ग्लेनगॅरी ग्लेन रॉस' (१९९२). लेमन आता म्हातारा विक्रेता, शेली लेव्हीन, जमिनीचे टाकाऊ तुकडे फोनवर विकणारा. मुलगी इस्पितळात. वरून एक माणूस येतो, स्वतःची कमाई ९,७०,००० डॉलर सांगतो, आणि स्पर्धा जाहीर करतो: पहिला आला त्याला कॅडिलॅक, दुसऱ्याला मांस कापायच्या सुऱ्यांचा संच, तिसऱ्याला नारळ. हे भाषण लोकांना पाठ आहे. विक्रीच्या प्रशिक्षणात ते स्फूर्तीसाठी दाखवतात असं ऐकते तेव्हा हसावं की काय ते कळत नाही. विषाच्या बाटलीवरची कवटी बघून तहान लागण्यातला प्रकार. मला त्यातला आकडा लक्षात आहे तो निराळा: ८२,०००. एका जोडप्याला आठ तुकडे विकून लेव्हीन सकाळी नाचत येतो, आणि थोड्याच वेळात कळतं की त्या जोडप्याचं डोकं ठिकाणावर नाही, खात्यात दमडी नाही, त्यांना फक्त विक्रेत्यांशी गप्पा मारायला आवडतात. चेक वटणारच नव्हता. ते दोघे आपल्याला पडद्यावर दिसत नाहीत. मला मात्र ते सारखे दिसतात, स्वयंपाकघरात बसलेले, कुणीतरी आपल्याशी इतकं गोड बोलतंय म्हणून सही करणारे.

इथे माझा पाचवा रकाना पुन्हा येतो. ज्यांची रक्कम जाते त्यांचे चेहरे दाखवायला या चित्रपटांचा हात आखडतो. 'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट' (२०१३) घ्या. तीन तास. जॉर्डन बेलफोर्ट सव्विसाव्या वर्षी ४ कोटी ९० लाख डॉलर कमावतो आणि आठवड्याला दहा लाख व्हायला तीन कमी पडले म्हणून चडफडतो. (५२ वजा ३. बरोबर.) फोनवर एका माणसाला तो ४,००० डॉलरचे कवडीमोल शेअर विकतो, निम्मं कमिशन, आसपासचे सगळे काम थांबवून ऐकत राहतात. फोनच्या पलीकडचा तो माणूस म्हणजे नुसता आवाज. त्या आवाजाचा मी चेहरा शोधत राहिले, तो आला नाही. आला तो खुद्द बेलफोर्ट, शेवटी, छोट्याशा भूमिकेत. खऱ्या आयुष्यात तो २२ महिने तुरुंगात होता आणि फसवलेल्यांना ११ कोटी डॉलरहून जास्त रक्कम परत द्यायचा आदेश त्याला झाला. दिग्दर्शक स्कॉर्सेसीने हे मुद्दाम केलं असं जाणकार सांगतात, आपल्याला मोहात पाडून आपलंच तोंड दाखवायला. असेल. पण चित्रपटाचा स्वतःचा जमाखर्च त्याहून मजेशीर निघाला: तो काढणाऱ्या कंपनीकडे आलेला पैसा मलेशियाच्या सरकारी गुंतवणूक निधीतून लंपास झालेला आहे असा आरोप अमेरिकेच्या न्याय खात्याने केला, आणि २०१८ साली कंपनीने ६ कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. म्हणजे लुटीवरचा चित्रपट, आणि पाचव्या रकान्यात अख्खा देश.

'वॉल स्ट्रीट' (१९८७) मधला गेको कागद कंपनीच्या सभेत हाव चांगली असते म्हणून सांगतो, तेही लोकांना पाठ. त्याच भाषणातलं तेहतीस उपाध्यक्षांचं वाक्य कुणी लक्षात ठेवत नाही: प्रत्येकाला वर्षाला दोन लाखांवर पगार, आणि ते दिवसभर करतात काय हे त्याला कळलेलं नाही. हा प्रश्न मी स्वतः अहवालात लिहिलेला आहे, जरा सभ्य भाषेत. त्यामुळे गेको मला पूर्ण खोटा वाटत नाही, आणि तेच त्याच्यातलं घातक आहे. 'द बिग शॉर्ट'ला (२०१५) एक गुण जास्त देते. त्यात एक भाडेकरू आहे, लहान मुलाला घेऊन दारात उभा. भाडं वेळेवर देतोय, पण मालकाने कर्जाचे हप्ते थकवलेत. मालकाने कर्ज घेतलंय ते कुत्र्याच्या नावावर. शेवटाकडे ते कुटुंब पुन्हा दिसतं, गाडीत राहायला आलेलं. दोनच दृश्यं, पण रकाना भरला.

बाकी हॉलिवुडने हिशेबावर कुणाला शिकवावं हाही प्रश्नच. विनोदी लेखक आर्ट बुकवाल्ड यांनी 'कमिंग टू अमेरिका'ची कल्पना आपली होती म्हणून पॅरामाउंटवर दावा लावला आणि १९९० मध्ये तो जिंकला. मग नफ्याचा वाटा मागितला तर स्टुडिओचं उत्तर: २८ कोटी ८० लाख डॉलरचा गल्ला करणाऱ्या या चित्रपटाला निव्वळ नफा झालेलाच नाही. वितरणाचा आकार, वरकड खर्च, त्यावर व्याज, सगळं लावून शून्य. न्यायाधीशांनी त्या करारातली कलमं सद्सद्विवेकाला न पटणारी ठरवली. 'सेव्ह द टायगर' याच स्टुडिओचा. हॅरी स्टोनरने यांच्याकडे नोकरी धरली असती तर गोदाम जाळायची वेळ आली नसती.

आता शेवटची नोंद, गेल्या रविवारची. 'मार्जिन कॉल' (२०११). जे. सी. चँडरचा पहिला चित्रपट, त्याच्या वडिलांनी जवळजवळ चाळीस वर्षं मेरिल लिंचमध्ये काढलेली. २००८, एक रात्र, एक गुंतवणूक कंपनी. एरिक डेल नावाच्या जोखीम-अधिकाऱ्याला सकाळी काढून टाकतात आणि रात्री कळतं की त्याच्या अर्धवट गणिताप्रमाणे कंपनी बुडालेली आहे. मग ठरतं की सकाळी बाजार उघडताच कवडीमोल रोख्यांचा सगळा कचरा गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारायचा. ९३ टक्के विकलं तर प्रत्येकाला १४ लाख डॉलर बक्षीस. इथेही गिऱ्हाइकं फोनच्या पलीकडे.

पण मधे एरिक डेल ब्रुकलिनमधल्या आपल्या घराच्या पायऱ्यांवर बसून सांगतो की मी पूर्वी पूल बांधत होतो. ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या मधे एक पूल. रोज १२,१०० माणसं, प्रत्येकाचा जाताना ३५ आणि येताना ३५ मैलांचा हेलपाटा वाचला. बावीस वर्षं झाली. ताशी पन्नास मैल धरले तर लोकांच्या आयुष्यातली १,५३१ वर्षं वाचली. हे तो तोंडी करतो, सावकाश, एकेक पायरी. आणि नंतर त्याच माणसाला एका खोलीत गप्प बसून राहण्यासाठी ताशी सुमारे पावणेदोन लाख डॉलर देतात.

मी चित्रपट थांबवला आणि कॅल्क्युलेटर घेतलं. १२,१०० गुणिले ७०. महिन्याचे ३० दिवस त्याने धरले तसेच मीही धरले. ६७० कोटी ८२ लाख मैल. भागिले ५०, भागिले २४, भागिले ३६५. उत्तर आलं १५,३१५. पुन्हा केलं. पुन्हा तेच. लेकीला बोलावलं, तिने फोनवर केलं.

"आई, यांचं एक शून्य खाल्लं गेलंय."

शेकडो कोटींचं एकेक दशांश स्थळ तपासणाऱ्या माणसांच्या चित्रपटात, उपयोगाच्या कामाचा जो एकच हिशेब होता त्यातलंच शून्य गळलं. खाडाखोड करायची नाही हा माझा नियम, म्हणून १,५३१ वर सरळ रेघ मारून शेजारी लाल शाईने १५,३१५ लिहिलं आणि आद्याक्षरं घातली. एकक: वर्षं. कुणाला मिळाली: पुलावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना. अखेर कुठे: त्यांच्या त्यांच्या घरी. 'कुणाची गेली' यापुढे बराच वेळ पेन धरून बसले, आणि आडवी रेघ ओढली.